पोरांचे दात आणि आपली साखर



ऊस विकास अधिकाऱ्याने दातांवर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. त्यातून आपण साखर पिकवणारे! पण गेल्या मे महिन्यात आजोळी, धसईला (ता. मुरबाड) जाऊन आलो, तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे.

धसई म्हणजे भाता-नाचणीचा मुलूख. तिथे मामेभावाची आठ वर्षांची मुलगी गाल धरून बसलेली. खालची दाढ पार पोखरलेली. "दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप," म्हणून घरच्यांनी वर्षभर लवंगेच्या तेलावर काढले. कल्याणला दातांच्या डॉक्टरांकडे नेली तेव्हा कळले, ती दुधाची नव्हतीच. दुधाचे दात वीस. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताच दात पडत नाही, म्हणून आईबापांना पत्ता लागत नाही. ती कायमची असते. शेवटी काढावीच लागली.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. दिवसातून चार-पाच वेळा गोड कोरा चहा, सोबत बिस्किटे, वर दुकानातल्या चिकट गोळ्या. (धसई २०१६ साली रोकडविरहित व्यवहाराचे गाव म्हणून गाजले. सुट्ट्या पैशांऐवजी गोळी हातावर ठेवायची सबब तरी तिथे नको होती!)

शिळ्या उसाचे आपल्याला ठाऊक आहे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्यात जंतू वाढतात, साखर खातात, आम्ल करतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात. रस बुळबुळीत होतो, रिकव्हरी घसरते. तोंडातही जवळजवळ तेच. जंतू साखरेपासून दातावर चिकट थर बांधतात, त्याखाली आम्ल सोडतात आणि दाताचे कवच विरघळत जाते. गोड खाल्ल्यावर अर्धा तास तरी हे चालते, मग लाळ हळूहळू सावरून घेते. पण सारखेच तोंड चालू असले तर लाळेने करावे काय?

म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा कितीदा आणि कशी खाल्ली, हे जास्त भोवते. स्वीडनमध्ये १९४५ ते १९५३ या काळात एका मनोरुग्णालयातल्या लोकांवर हे पाहिले गेले. प्रकार माणुसकीला धरून नव्हता, पण कळले ते असे : जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, मधल्या वेळच्या चिकट टॉफीने मात्र भराभर वाढली. तेव्हा दिवाळीची सवलतीची साखर घरी जरूर न्या. लाडू-करंजी जेवणाच्या ताटात द्या. डब्यातून येता-जाता मूठ मारू देऊ नका.

गुळाने काही होत नाही, असा आपल्यात समज आहे. जंतूंना गूळ आणि साखर सारखीच. ऊस चघळून दात स्वच्छ होतात हेही मला पटत नाही. रस शेवटी गोडच. तान्ह्याला गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणे सर्वांत वाईट, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध तसेच दातांवर राहते.

मिश्री पोरांच्या दातांना मुळीच लावू नका. ती जाळलेली तंबाखूच. सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराईडची पेस्ट लावून ब्रशने दात घासावेत. तीन वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. घासायला मोठ्या माणसाने बसावे. सात-आठ वर्षांपर्यंत पोरांचा हात नीट चालत नाही.

आपल्याकडे तोडणीला येणाऱ्या टोळ्यांची पोरे तर पहाटे चहा-बटरवर फडात येतात आणि दुपारपर्यंत कांडे चोखत बसतात. या हंगामात स्लिपबॉयनी आणि सभासदांनी त्यांच्याही तोंडात डोकवावे. बॅटरीच्या उजेडात सहा-सात वर्षांच्या पोराची सर्वांत मागची दाढ बघा. वरच्या खाचेत काळा ठिपका किंवा खड्डा दिसला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. तेवढ्यावर असेल तर दाढ भरता येते, काढावी लागत नाही.