गेम खेळायचे आहेत, मग लिनक्स कोणते घ्यावे?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नियमित सेवा संपली आणि आमच्या घरातला जुना कॉम्प्युटर अडचणीत आला. सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असल्यामुळे तो विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "चाचा, हा डबा भंगारात द्या, 50 हजारांत नवा घ्या." पण यंदा मुलीची फी भरायची होती. त्याच डब्यावर तिचे प्रकल्प, दुकानाचा हिशेब आणि मुलाचे गेम.

मुलगा म्हणाला, "अब्बू, लिनक्स टाकू या." आम्हाला वाटले, लिनक्स म्हणजे एकच वस्तू. तसे नाही. गाभा एक, पण त्यावरची मांडणी प्रत्येकाची निराळी. तांदूळ तोच असून घरोघरी बिर्याणी वेगळी व्हावी, तशी. उबंटू, मिंट, फेडोरा, बझाइट अशा कितीतरी. यांनाच डिस्ट्रो म्हणतात. बहुतेक फुकट मिळतात.

निवड करताना आम्ही सुरुवात डिस्ट्रोपासून केली नाही, मुलाच्या गेमच्या यादीपासून केली. हे बरे झाले. 2018 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीममध्ये 'प्रोटॉन' आणले. विंडोजसाठी बनलेले हजारो गेम त्याच्यामुळे लिनक्सवर चालतात. काउंटर-स्ट्राइक 2 तर थेट लिनक्ससाठीच मिळतो. जीटीए 5 ची कथा चालते, ऑनलाइन भाग चालत नाही. आणि व्हॅलोरंट अजिबात नाही. फसवणूक रोखणारी त्याची व्यवस्था विंडोजच्या अगदी आत जाऊन बसते, लिनक्सवर तिला जागाच नाही. इथे कुठलीही डिस्ट्रो कामाला येत नाही. मुलाचे सगळे दोस्त संध्याकाळी व्हॅलोरंटच खेळतात. तो दोन दिवस गप्प होता. आम्हीही जबरदस्ती केली नाही.

मग तो स्वतःच आला आणि म्हणाला, बझाइट घेऊ. बझाइट फेडोरावर बेतलेले आहे, गेमसाठी लागणारे बरेच काही त्यात आधीच बसवलेले असते आणि अपडेट बिघडला तर मागच्या अवस्थेत परत जाता येते. फक्त गेमसाठी कॉम्प्युटर असता, किंवा अगदी नवे ग्राफिक्स कार्ड असते, तर आम्हीही तेच घेतले असते; नव्या कार्डाला ताजा गाभा लागतो. आमचे कार्ड एनव्हिडियाचे 1050 टीआय, 2016 चे. शिवाय यंत्र सगळ्या घराचे. म्हणून आम्ही लिनक्स मिंट 22 घेतले. चेहरा विंडोजसारखा, त्यामुळे अम्मीलाही बिचकायला होत नाही, आणि अपडेट 2029 पर्यंत मिळणार. एनव्हिडियाचा ड्रायव्हर 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून निवडून बसवता येतो. मराठीचा आणि उर्दूचा कळफलकही सेटिंगमध्ये सापडला.

आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. मग 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घालून कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू केला. असे केले तर जुन्या डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर तपासता येतात. प्रिंटरने कागद बाहेर टाकला, तेव्हाच आम्ही पुढे गेलो.

चूक एक झाली. वेळ वाचावा म्हणून मुलाने विंडोजच्या जुन्या भागात पडलेले गेम तिथूनच चालवायचा प्रयत्न केला. काही उघडेनात, काही मध्येच बंद पडत. एक अख्खा रविवार गेला. शेवटी लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीने तयार केलेल्या भागात गेम नव्याने उतरवले, तेव्हा सुरळीत चालले. इंटरनेटचा डेटा मात्र महिना संपायच्या आत संपला.

दुकानाचा हिशेब लिब्रेऑफिसमध्ये उघडतो. मुलाच्या दोस्तांपैकी दोघे आता काउंटर-स्ट्राइकही खेळतात. व्हॅलोरंटसाठी तो शनिवारी मामूजानच्या घरी जातो.