कॅमकॉर्डरच्या कॅसेटी संगणकावर घेताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कितीतरी घरांतली बारशी, मुंजी आणि लग्नं अजून मिनी-डीव्ही कॅसेटींतच आहेत. त्या चालवणारे कॅमेरे आता बनत नाहीत, जुने बंद पडत चाललेत. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये आणि करताना मूळ दर्जाही घालवू नये.

गैरसमज: यूएसबी केबल जोडली की झालं.
वस्तुस्थिती: बहुतेक मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांतलं यूएसबी मेमरी कार्डावरचे फोटो घेण्यापुरतं किंवा वेबकॅमपुरतं असे. पूर्ण दर्जाचं चित्रण फायरवायरमधून मिळतं. सोनीच्या कॅमेऱ्यांवर त्यालाच ‘आय-लिंक’ म्हणतात. फायरवायरचं टोक यूएसबीत बसवणारा स्वस्त जोड इथे चालत नाही. डेस्कटॉपला मात्र फायरवायर कार्ड बसवता येतं.

गैरसमज: तासाभराची कॅसेट काही मिनिटांत कॉपी होते.
वस्तुस्थिती: टेप पूर्ण चालवावीच लागते, त्यामुळे तासाच्या चित्रणाला तासच लागतो. डिस्कवर त्याला सुमारे 13 जीबी जागा लागते.

गैरसमज: सगळ्या कॅसेटींची रीत एकच.
वस्तुस्थिती: व्हिडिओ 8, हाय 8 आणि व्हीएचएस-सी हे अ‍ॅनालॉग प्रकार आहेत. त्यांना कॅप्चर कार्ड लागतं. कॅमेऱ्याला एस-व्हिडिओ जोडणी असेल तर पिवळ्या पिनेऐवजी तीच वापरावी. चित्र अधिक स्पष्ट येतं.

गैरसमज: हलत्या माणसाभोवती आडव्या रेघा दिसतात, म्हणजे टेप खराब.
वस्तुस्थिती: आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची. ती दोन्ही संगणक एकदम दाखवतो, म्हणून रेघा दिसतात. एडिटिंग करताना डीइंटरलेस करून सेकंदाला 50 फ्रेम ठेवल्या, तर रेघा जातात आणि हालचालही सहज दिसते.

गैरसमज: एमपी4 तयार झाली की मूळ फाइल पुसावी.
वस्तुस्थिती: एमपी4 करताना फाइल लहान होते ती माहिती गाळूनच, आणि गाळलेलं परत आणता येत नाही. नातेवाइकांना पाठवायला ती उत्तम. मूळ डीव्ही फाइल मात्र दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी. एडिटिंगचं सॉफ्टवेअर कुठे कापलं एवढंच लक्षात ठेवतं, मूळ फाइलला हात लावत नाही.

गैरसमज: कपाटातली कॅसेट सुरक्षित असते.
वस्तुस्थिती: कोकण-मुंबईच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. बुरशीची टेप कॅमेऱ्यात घालू नये, हेड बिघडतं. ती जाणकाराकडे द्यावी. बाकीच्यांपैकी, ज्यांत आता हयात नसलेल्यांचे आवाज आहेत, त्या कॅसेटी सर्वांत आधी उतरवून घ्याव्यात.