लष्करी गणवेश व रेजिमेंटल चिन्हांचे संकेत

लष्करी गणवेश, पदके, बिल्ले आणि रेजिमेंटल टाय कोणी, केव्हा व कशी वापरावीत, याविषयीचे लिखित नियम आणि अलिखित रूढी यांना लष्करी चिन्हांचे संकेत म्हणता येते. ज्याने सेवा केली त्यानेच तिचे चिन्ह धारण करावे, हे या संकेतांचे मूलतत्त्व आहे. भारतात यांपैकी काही संकेतांना कायद्याचा आधार आहे. उरलेले सैनिकी परंपरेने पाळले जातात.

चिन्हांचे स्वरूप

रेजिमेंटच्या बिल्ल्यात तिचा इतिहास साठवलेला असतो. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे उभारलेल्या महार रेजिमेंटच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्याची जागा खंजिराने घेतली. रेजिमेंटल टाय ही ब्रिटिश सैन्यातून आलेली प्रथा होय. रेजिमेंटच्या रंगांचे तिरके पट्टे असलेली ही टाय नागरी पोशाखावर, निवृत्तीनंतरही, बांधली जाते. इतरांनी ती बांधणे शिष्टसंमत मानले जात नाही. अमेरिकेतील ब्रूक्स ब्रदर्स या कपड्यांच्या कंपनीने पट्ट्यांची दिशा उलटी केल्यामुळे तेथील पट्टेरी टाय ब्रिटिश टायपासून वेगळी ओळखता येते.

वऱ्हाडातील संदर्भ

एलिचपूरचा (आजचे अचलपूर, जिल्हा अमरावती) नबाब सलाबतखान याने उभारलेल्या दोन पलटणी ‘एलिचपूर ब्रिगेड’ म्हणून ओळखल्या जात. रसेल ब्रिगेड आणि बेरार इन्फन्ट्री यांच्यासह त्या पुढे हैदराबाद कंटिन्जंटमध्ये समाविष्ट झाल्या. या फौजेच्या खर्चासाठी १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. म्हणजे अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातून तिचा खर्च भागत असे. याच पलटणींच्या परंपरेतून एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट घडली आणि २७ ऑक्टोबर १९४५ रोजी तिला ‘कुमाऊँ रेजिमेंट’ हे नाव मिळाले. तिच्या बिल्ल्यावरील सिंह हैदराबादचे रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या घराण्याच्या चिन्हातून आला आहे. या इतिहासात वऱ्हाडाचा वाटा असला तरी तो बिल्ला लावण्याचा अधिकार त्या रेजिमेंटमध्ये सेवा केलेल्यांनाच आहे. जन्मभूमी, वंश किंवा अभिमान यांमुळे तो प्राप्त होत नाही.

कायदेशीर तरतुदी

आपण सैनिक, नौसैनिक किंवा हवाईसैनिक आहोत असा समज व्हावा, या हेतूने तसा पोशाख किंवा चिन्ह वापरणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम १४० खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १६८ लागू असून त्यात तीन महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. या गुन्ह्यात हेतू निर्णायक असतो. त्यामुळे नाटकात सैनिकाची भूमिका करणारा नट दोषी ठरत नाही. प्रतिबंधित ठिकाणी प्रवेश मिळवण्यासाठी गणवेश वापरल्यास १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू होतो.

जानेवारी २०१६ मधील पठाणकोट हल्ल्यातील दहशतवादी लष्करी पोशाखात होते. त्यानंतर नागरिकांनी लष्करी नमुन्याचे कपडे घालू नयेत व दुकानदारांनी ते विकू नयेत, असे आवाहन लष्कराने केले. १५ जानेवारी २०२२ रोजी सादर झालेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या नमुन्याची लष्कराने बौद्धिक संपदा म्हणून नोंदणी केली आहे.

पदके व वारस

पदके मिळवणारा सैनिक ती डाव्या छातीवर लावतो. दिवंगत सैनिकाच्या निकटच्या वारसांना युद्धस्मारकावरील श्रद्धांजलीसारख्या प्रसंगी ती उजव्या छातीवर लावण्याची मुभा आहे. बाजू बदलल्यामुळे पदक कोणी मिळवले आणि त्याची स्मृती कोण जपत आहे, हा भेद पाहणाऱ्यास कळतो.

मानद दर्जा व छात्रसेना

मानद हुद्दा मिळालेल्या व्यक्तीला गणवेशाचा अधिकार लाभतो. सचिन तेंडुलकर यांना २०१० मध्ये हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन हा हुद्दा दिला.

अमरावती व अकोला येथे राष्ट्रीय छात्रसेनेच्या बटालियन आहेत. छात्रसेना १९४८ च्या अधिनियमाने स्थापन झाली. छात्रांवर प्रत्यक्ष लष्करी सेवेचे बंधन नसते; त्यामुळे गणवेश धारण करूनही छात्र सैनिक ठरत नाही. संचलन, शिबिर व अधिकृत कार्यक्रम हीच त्या गणवेशाची स्थाने होत.

इतर देश

ब्रिटनमध्ये १८९४ च्या गणवेश अधिनियमाने लष्करी गणवेशाच्या अनधिकृत वापरास बंदी आहे. रंगभूमीवरील वापर त्यातून वगळला आहे. अमेरिकेत पदकाविषयी खोटा दावा करणे हाच २००५ च्या कायद्याने गुन्हा ठरवला होता. २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे रद्द केला. २०१३ च्या सुधारित कायद्यानुसार अशा दाव्यातून पैसा, मालमत्ता किंवा अन्य लाभ उकळण्याचा हेतू असेल तरच तो गुन्हा ठरतो.