बासुंदीचं इन्सुलिन

इंदुरात सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा आणि मधल्या वेळेत सणवार. त्यामुळे "गोळी घेतली का?" हा प्रश्न आपल्या घरांत "जेवलात का?" इतक्याच सहजपणे विचारला जातो. पण मधुमेह कुत्र्यालाही होतो, त्यालाही माणसासारखंच रोज इन्सुलिन द्यावं लागतं, हे अनेकांना ऐकूनही माहीत नसतं. आमच्या घराला ते बासुंदीमुळे कळलं. ती लॅब्रेडोर होती, डॉग शोमध्ये बक्षिसं मिळवलेली. आयुष्याची शेवटची सव्वातीन वर्षं ती दिवसातून दोनदा इन्सुलिन घेऊन जगली. मी इंजिनिअर असल्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही: साधारण 2,300 इंजेक्शनं.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं जुनं घर आहे. 2013 मध्ये पिल्लू आणायचं ठरलं, तेव्हा आजीनं स्पष्ट सांगितलं होतं, "सोवळ्या-ओवळ्याच्या घरात कुत्रं चालणार नाही." मग बाबांनी तिला आठवण करून दिली की आपला कुलदैवत खंडोबा, आणि त्याच्या पायाशी कुत्रं असतंच. होळकरांचंही तेच दैवत, राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. आजी गप्प झाली. दोन महिन्यांचं पिल्लू घरात आलं तेव्हा तिनंच त्याचा रंग पाहून नाव ठेवलं, बासुंदी. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर तिचं एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते शोच्या रिंगणाबाहेर कोणीच कधी वापरलं नाही.

शोची तयारी म्हणजे नुसतं न्हाऊ-माखू घालणं नव्हे. परीक्षक दात मोजतात, डोक्याची ठेवण, पाठीची रेघ, दाट दुहेरी केस आणि बुडाशी जाड, टोकाला निमुळती शेपटी पाहतात. मग पळवून चाल पाहतात. चालीचा सराव आम्ही पहाटे राजवाड्यासमोर करायचो. दुकानं उघडायच्या आधी तो चौक आपल्या एकट्याचा असतो. बागेतल्या अहिल्याबाईंच्या पुतळ्यापासून यशवंत रोडच्या तोंडापर्यंत आणि परत. झाडूवाल्या मावशी थांबून बघायच्या. 2015 ते 2018 या काळात तिनं चार शहरांतून रिबिनी आणल्या. बाबांनी त्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात लावल्या.

2019 च्या पावसाळ्यात ती खूप पाणी प्यायला लागली. भूक दुप्पट झाली, तरी वजन उतरायला लागलं. आजीला मधुमेह होऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. ती म्हणाली, "माझंही असंच सुरू झालं होतं." रक्त आणि लघवी तपासल्यावर डॉक्टरांनी तेच निदान केलं.

शेजाऱ्यांना वाटलं, नावच बासुंदी, गोड खाऊन झालं असणार. पण कुत्र्यांचा मधुमेह बहुतेक वेळा गोड खाल्ल्यानं होत नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, माणसांच्या टाइप 1 सारखं. गोळ्यांवर भागत नाही, इन्सुलिनच लागतं. मादीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. माजावर येऊन गेल्यावर शरीरात जी संप्रेरकं वाढतात, ती इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. त्यामुळे डॉक्टरांनी गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला.

याचा अर्थ आम्हाला लगेच कळला. डॉग शो मुळात पुढच्या पैदाशीसाठी उत्तम जनावर कोणतं, हे ठरवायला सुरू झाले. शस्त्रक्रियेनंतर तिला रिंगणात नेण्याला काही अर्थ उरणार नव्हता. शोमधल्या ओळखीच्या एका गृहस्थांनी फोनवर सरळ सांगितलं, "आता हिच्यावर खर्च कशाला? नवं पिल्लू घ्या." ते वाईट बोलत नव्हते, त्यांच्या जगातला व्यवहार सांगत होते. त्या रात्री जेवताना घरात चर्चा झाली. खर्च खराच होता, आणि रोजचं बांधून घेणं त्याहून मोठं. आजी शेवटी एवढंच म्हणाली, "मलाही सुई लागते. मला कुठे कोणी बदलून आणलंय?" विषय तिथेच संपला.

पुढे वाचताना मला एक गोष्ट कळली, ती तरुण वाचकांना मुद्दाम सांगतो. मधुमेहाचा स्वादुपिंडाशी असलेला संबंध 1889 मध्ये स्ट्रासबर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढल्यावर उघड झाला. 1921 च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी तयार केलेला अर्क आधी कुत्र्यांनाच टोचला. त्यातली मार्जोरी नावाची कुत्री स्वादुपिंडाशिवाय, केवळ त्या अर्कावर, सुमारे 70 दिवस जगली. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. बँटिंग यांचा वाढदिवस, 14 नोव्हेंबर, आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात. आजीला मी हे सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ बासुंदीच्या डोक्यावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "म्हणजे औषध मुळात हिच्याच माहेरचं."

घराचं वेळापत्रक बदललं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. आधी खाणं, मग सुई. फ्रिजच्या दारावर मी एक तक्ता लावला: वेळ, किती खाल्लं, किती युनिट, कोणी दिलं. देणाऱ्यानं सही करायची, म्हणजे एकाच वेळचं इंजेक्शन दोघांकडून जाणार नाही. दुसरी काळजी सिरिंजची. आजीच्या पेनमधलं इन्सुलिन एका मिलिलिटरला 100 युनिट, बासुंदीच्या बाटलीतलं 40 युनिट. 40 च्या सिरिंजची टोपी लाल, 100 च्या सिरिंजची केशरी. सिरिंजची अदलाबदल झाली तर डोस अडीच पट होऊ शकतो, म्हणून दोघींचे डबे वेगळ्या कप्प्यांत. साखर कानाच्या कडेला टोचून तपासायचो. आजी बोट पुढे करायची, बासुंदी कान.

काही महिन्यांतच तिचे डोळे पांढुरके झाले. मधुमेही कुत्र्यांत हे फार जणांना होतं. जादा साखर डोळ्याच्या भिंगात दुसऱ्या रूपात साठते, पाणी ओढून घेते आणि मोतीबिंदू होतो. शस्त्रक्रिया कुत्र्यांवरही करतात, पण तिची साखर तेव्हा स्थिर नव्हती, त्यामुळे तो विचार मागे पडला. 2020 च्या उन्हाळ्यापर्यंत ती पूर्ण आंधळी झाली. आम्ही एक नियम केला, घरातली एकही खुर्ची हलवायची नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर काथ्याचं पायपुसणं टाकलं, ते पायाला लागलं की ती थांबायची. आजीच्या पाटल्यांचा आवाज आला की शेपटी हलायची. पहाटे चौकात फिरवायला नेलं की ती अजूनही मान ताठ करून, शोमधल्यासारखीच चालायची. समोर परीक्षक नाही, हे तिला कळत असेल का, मला माहीत नाही.

2022 ची रंगपंचमी मी विसरणार नाही. कोरोनामुळे दोन वर्षं बंद असलेली गेर त्या वर्षी पुन्हा निघाली होती. राजवाड्याला माणसांचा पूर, गल्लीची तोंडं बंद. सकाळी खाऊन, सुई घेऊन बासुंदी नेहमीसारखी झोपली होती. नंतर ढोलांच्या आवाजानं घाबरून तिनं खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. अकराच्या सुमारास तिचे पाय लटपटायला लागले, मान थरथरू लागली. आम्हाला ती भीती वाटली. आजी मात्र खाटेवरून ओरडली, "अरे, तिची साखर उतरलीय! मध आणा!" गाडी बाहेर काढणं शक्यच नव्हतं. डॉक्टर फोनवर, मी जमिनीवर, आणि बोटानं हिरड्यांवर थोडा थोडा मध. पंधरा मिनिटांनी तिनं मान उचलली, मग दहीभात खाल्ला. बाहेर आकाशात गुलाल उडत होता. आजीनं स्वतःच्या उशाखालची ग्लुकोजची पुडी काढून माझ्या हातात दिली. "ही आता तिच्या डब्यात ठेव."

त्या डिसेंबरात स्वादुपिंडाला सूज आली, पाठोपाठ मूत्रपिंडं थकली. ती तीन दिवस जेवली नाही. खाणं नाही तर नेहमीची सुई देता येत नाही, आणि सुई नाही तर साखर चढत जाते. सलाइन झालं, औषधं झाली. चौथ्या दिवशी डॉक्टर घरी आले, सगळं समजावून सांगितलं आणि निर्णय आमच्यावर सोडला. तिला झोपेतच जाऊ द्यायचं ठरलं. आजी शेजारी पाटावर बसली होती, पाटल्या मुद्दाम वाजवत. बासुंदीची शेपटी एकदा हलली. ती साडेनऊ वर्षांची होती.

पाहुणे आजही कपाटातल्या रिबिनी बघून विचारतात, "हिनं किती बक्षिसं मिळवली?" मी आकडा सांगतो. पण आम्हाला जवळची वाटते ती तक्त्यांची फाइल. त्यात सगळ्यांच्या सह्या आहेत: आईच्या, बाबांच्या, परीक्षेच्या दिवसांतही न चुकलेल्या धाकट्या बहिणीच्या, आणि शेवटच्या वर्षात आजीच्या थरथरत्या अक्षरातल्या. आजारी जीव सांभाळायला मोठं मन लागतं म्हणतात. आमच्या घरात ते काम घड्याळानं आणि त्या सह्यांनी केलं. दमलेल्या दिवशीही सात वाजायचेच.

तुमच्या घरचं कुत्रं अचानक जास्त पाणी पीत असेल, खाऊनही वाळत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासून घ्या. मागच्या महिन्यात सुदामानगरच्या एका कुटुंबाचा फोन आला. त्यांच्या आठ वर्षांच्या पामेरियनला मधुमेह निघालाय, घाबरले होते. मी त्यांना कोऱ्या तक्त्याची प्रत दिली. आजीनं निरोप पाठवला: "म्हणावं, पहिले पंधरा दिवस हात कापतो. मग सवय होते."