एका शब्दात दोन दुष्काळ

पिंपरी-चिंचवडला मराठवाड्यातून आलेले जुने कामगार बोलता बोलता 'बहात्तरच्या दुष्काळा'वर येतात. टीव्हीवर सोमालियातली हाडं निघालेली लेकरं दिसली, की आपण त्यालाही दुष्काळच म्हणतो. पाऊस न पडणं आणि माणसं भुकेनं मरणं, दोन्हींना आपला शब्द एकच. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

गैरसमज : पाऊस गेला की माणसं मरणारच.
वस्तुस्थिती : १८७७ आणि १९७२, दोन्ही वर्षी पाऊस रोखणारा एल निनो जोरात होता. १८७६-७८ मध्ये भारतात ५० लाखांहून अधिक माणसं दगावली. १९७२ला विहिरी आटल्या, दावणीची जनावरं गेली. पण माणसं मोठ्या संख्येनं मेली नाहीत. कारण सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडा, पाझर तलाव खणा, मजुरी घ्या. सोबत खायला सुकडी आणि रेशनवरची लालसर मिलो ज्वारी.

गैरसमज : धान्यच नसतं, म्हणून उपासमार होते.
वस्तुस्थिती : १८७७ मध्ये लोक मरत असताना भारतातून इंग्लंडला गहू जातच होता. दुष्काळी कामांवरच्या मजुराला ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य आणि एक आणा एवढीच मजुरी ठरवली होती. बाजारात धान्य असलं, तरी ते घ्यायला गाठीला पैसा लागतो. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हेच सविस्तर मांडलं.

गैरसमज : बहात्तरला गावं उठून शहरात आली.
वस्तुस्थिती : अनेकजण आले, कारण पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरू झालेली कारखानदारी तोवर उभी होती. पण मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ४९ लाख मजूर होते. काम शिवारातच मिळालं, म्हणून बहुतेकांना गाव सोडावं लागलं नाही.

गैरसमज : आफ्रिकेचं नशीबच कोरडं.
वस्तुस्थिती : १९८३-८५ मध्ये इथिओपियात पाऊस हुकला, पण जीव घेतले ते यादवीनं. बंडखोर भागांत अन्न पोचू न देणं हा लष्करी राजवटीच्या युद्धाचाच भाग होता. सोमालियात २०११ मध्ये अल-शबाब या सशस्त्र संघटनेनं मदत अडवली. त्याच खंडातल्या बोत्स्वानात १९८०च्या दशकात सलग काही वर्षं अवर्षण होतं. तिथल्या निवडून आलेल्या सरकारनं शिधा वाटला, रोजगार दिला आणि भूकबळी टळले.

महाराष्ट्रातले नेते वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना बहात्तरच्या अनुभवानं पक्की झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पावसाची हमी कुठलंच सरकार देऊ शकत नाही. मजुरीची देऊ शकतं.