काल बरी, आज आजारी : सिकलसेलमधलं हिमोग्लोबिन एकत्र का येतं?

तत्त्वज्ञानाच्या माणसानं आज प्रथिनांचा विषय का काढला, असं काहींना वाटेल. त्याला एक जुनं कारण आहे. मी विदर्भात शिकवत असताना गडचिरोलीकडची एक मुलगी माझ्या वर्गात होती. सोमवारी पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारायची, आणि बुधवारी निरोप यायचा की हातपाय असह्य दुखतायत, येत नाही. एकदा मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "परवा तर चांगली होतीस, मग काल काय झालं गं?" ती काही बोलली नाही. तिला सिकलसेल आहे, हे मला नंतर कळलं. माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र निवृत्तीनंतर वाचताना सापडलं.

आपल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन अक्षरशः ठासून भरलेलं असतं, दर 100 मिलिलिटरला सुमारे 34 ग्रॅम. त्याचा एक रेणू म्हणजे चार साखळ्या : दोन अल्फा, दोन बीटा. या साखळ्या घडी घालतात, एकमेकींना जुळतात, आणि या जुळणीला बाहेरून कोणी सुतार लागत नाही. हीच स्वयंजुळणी. ती होते कशी?

आमटीवरची तर्री आठवा. तेलाचे थेंब जवळ येतात आणि एक होतात. आपल्याला वाटतं, तेलाला तेलाची ओढ आहे. खरी गंमत पाण्याची आहे. तेलाभोवती पाण्याच्या रेणूंना अवघडून, शिस्तीत राहावं लागतं. थेंब एकत्र आले की तेवढं पाणी मोकळं होतं. प्रथिनातही काही भाग असे तेलकट, पाण्याला नकोसे असतात. ते बहुतेक आत दडवले जातात आणि त्यामुळेच प्रथिनाला आकार येतो.

आता सिकलसेलकडे येऊ. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. पुढे 1956-57 मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमका फरक शोधला. बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलेलं असतं. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्याला पाणी मानवतं. व्हॅलीन तेलकट. म्हणजे रेणूच्या पृष्ठभागावर एक तेलकट ठिपका उघडा पडला.

एवढ्यानं भागत नाही बरं का. रेणूत ऑक्सिजन असतो तोवर हा ठिपका फारसं काही करत नाही. ऑक्सिजन सोडला की रेणूचा आकार बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक खाच उपलब्ध होते. या रेणूचं व्हॅलीन त्या खाचेत बसतं. असे रेणू रांगेनं जुळत गेले की 14 पदरांचा एक ताठ दोर तयार होतो. अशा दोरांनी पेशी वाकडी होते, विळ्यासारखी. पाण्याचा हात यात किती आहे पाहा : ऑक्सिजन काढलेलं हे द्रावण बर्फाइतकं थंड ठेवलं तर पातळ राहतं आणि शरीराच्या तापमानाला घट्ट होतं. तुपाच्या बरोब्बर उलट!

आता तुम्ही विचाराल, ऑक्सिजन तर प्रत्येक फेरीत सुटतो, मग रुग्ण सतत कोसळलेला का नसतो? सगळी मेख इथेच आहे. साखरेचा दाट पाक आठवा. तो बराच वेळ तसाच राहतो, पण पहिला कण धरला की भराभर साखर होते. इथेही पहिले काही रेणू एकत्र टिकणं अवघड असतं. ते केंद्रक जमलं की पुढची वाढ झपाट्यानं होते, शिवाय तयार दोरांच्या अंगावरही नवी केंद्रकं धरतात. म्हणून आधी काहीच दिसत नाही, आणि मग एकदम सगळं घट्ट. या मधल्या वेळाला विलंबकाल म्हणतात. 1974 साली हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी तो प्रयोगनळीत मोजला. विलंबकाल सांद्रतेच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात निघाला. हिशेब करा : सांद्रता फक्त 10 टक्के वाढली, तर विलंब जवळजवळ 17 पट कमी!

म्हणजे ही शर्यत आहे. पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदाच्या हिशेबात पार होते. दोर जमायच्या आत ती फुप्फुसाकडे परतली, तर निभावलं. ताप आला, पाणी कमी पडलं, पेशी आटली किंवा वाटेत रेंगाळली, तर शर्यत हरते. रक्तवाहिनी तुंबते आणि वेदना सुरू होतात. सोमवार आणि बुधवार यांत एवढाच फरक असू शकतो.

आपल्या न्यायदर्शनात 'कारणसामग्री' असा शब्द आहे. एकटं कारण कार्य घडवत नाही. सगळी सामग्री जमावी लागते. बदललेलं अक्षर जन्मभर तेच राहतं, पण सामग्रीतल्या बाकीच्या गोष्टींना हात लावता येतो. भरपूर पाणी प्यायचं, ते यासाठीच. तान्ह्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही, कारण त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं आणि ते या दोरात नीट बसत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. ते कोणाला, किती द्यायचं, हे अर्थात डॉक्टर ठरवतील.

विदर्भात, नंदुरबारकडे आजही हा आजार अनेक घरांत आहे. 'रक्तच खराब' असं कोणी म्हणालं, तर त्यांना ही शर्यत समजावून सांगा. आणि शिक्षक असाल, तर 'परवा तर चांगली होतीस' हे वाक्य तोंडावर येईल तेव्हा थांबा. ती मुलगी सोमवारीही खरं सांगत होती आणि बुधवारीही. हे तिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.