काडी-काडी जमवून

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट, अभ्यंगस्नाने आटोपलेली, फराळाची ताटे मांडायची वेळ झालेली. आणि देवापुढचे निरांजन लावायला घरात काडेपेटी सापडेना! देव्हाऱ्यात नाही, स्वयंपाकघरात नाही, फटाक्यांच्या पिशवीत नाही. शेवटी मुलीच्या खोलीत डोकावलो. टेबलावर काळा कागद पसरलेला आणि त्यावर सात-आठ काड्या मांडलेल्या दिसल्या. त्यातली एक मी उचलली आणि निरांजन उजळले.

एवढ्याशा कृत्याने घरात जो भडका उडाला, त्यापुढे बाहेरचे फटाके फिके पडले. कन्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाबा, तो माझ्या माणसाचा पाय होता हो!"

मग उलगडा झाला. चिरंजीविनी काड्यांचा चित्रपट करीत होत्या. गोष्ट अगदी छोटी. काड्यांचा एक माणूस अंधारातून चालत येतो, विझलेली पणती पाहतो, तिच्यापुढे वाकतो आणि आपल्या डोक्याच्या गुलाने ती पेटवतो. पडद्यावर सारे पंधरा सेकंदांत संपायचे. मी म्हणालो, "पंधरा सेकंदांसाठी एवढे रडायचे?"

तिने हिशेब मांडला. एका सेकंदाला बारा चित्रे, म्हणजे पंधरा सेकंदांना एकशे ऐंशी. प्रत्येक चित्रासाठी काड्या केसभर सरकवायच्या, हात बाजूला घ्यायचा, छायाचित्र टिपायचे, पुन्हा सरकवायच्या. पडद्यावर माणूस चालतो असे आपल्याला वाटते, पण तो एकदाही चाललेला नसतो. दोन चित्रांच्या मधल्या वेळात कोणाचा तरी हात चाललेला असतो, आणि तो हात तेवढा कधी दिसत नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. गणितापुढे गप्प बसण्याची सवय आहेच. तरी जाता जाता बोललोच, "एवढ्या वेळात दोन निबंध लिहून झाले असते. रिकामपणाचे उद्योग!"

त्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, फाळक्यांना लोक हेच म्हणत असतील ना?"

बाण वर्मी लागला. दादासाहेब फाळक्यांनी १९१७-१८ साली 'नवयुग' मासिकात चित्रपटाविषयी लिहिलेल्या लेखांबद्दल मीच वर्गात तासभर बोलतो. पण 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी काय केले, हे मी एका वाक्यात आटोपीत असे. त्या दुपारी पुस्तके काढून बसलो.

१९१२ साली फाळके लंडनला जाऊन आले, विमा गहाण टाकून. येताना कॅमेरा मागवून आले. यंत्र आले, पण चित्रपटाला लागणारा पैसा कोण देणार? हिंदुस्थानात बसून असले काही करता येते, यावर सावकाराचा विश्वास बसायला हवा. फाळक्यांनी काय करावे? एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा रोखला. ठरावीक वेळाने थोडी थोडी चित्रे घ्यायची आणि थांबायचे. महिनाभराहून अधिक काळ हा नेम चालला. मग ती फिल्म पडद्यावर सोडली तेव्हा बघता बघता दाण्याला मोड फुटला, कोंब वर आला आणि वेल डोलू लागला. 'अंकुराची वाढ' हे या फिल्मचे नाव. ती पाहून पैसा द्यायला माणूस तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला. भारतीय चित्रपटाच्या वेलाचे मूळ असे एका वाटाण्यात आहे.

या कथेत एक नाव आपण नेहमी हळू आवाजात घेतो. सरस्वतीबाई फाळके. दिवसा मंडळींचा स्वयंपाक, भर उन्हात पांढरी चादर धरून पात्रांवर उजेड पाडणे आणि रात्री अंधारात कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडणे. ही भोके नसली तर फिल्म यंत्रात पुढे सरकायचीच नाही. अंगावरचे दागिनेही याच कामी गेले.

आणि १९१५ साली फाळक्यांनी केलेल्या एका छोट्या फिल्मचे नाव वाचून मी खुर्चीतच सावरून बसलो. 'आगकाड्यांची मौज'! काड्या सरकवून, एकेक चित्र टिपून केलेली फिल्म. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली काड्या नाचवल्या होत्या. सात वर्षांत आपल्याकडेही नाचल्या. फाळक्यांची ती फिल्म आज उपलब्ध नाही. नाव तेवढे उरले आहे.

पुढे संगणक आला, काम झटपट होऊ लागले, तरी हाताने चित्रे हलवणाऱ्यांची जात संपली नाही. मूळचे गुजरातचे ईशू पटेल कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात गेले. आपल्याकडे मुली गळ्यात घालतात तसले मणी कॅमेऱ्याखाली मांडून आणि सरकवून त्यांनी १९७७ साली 'बीड गेम' केला. तो ऑस्करच्या अंतिम यादीत गेला. त्या वर्षीचे पारितोषिक त्याच मंडळाच्या एका वाळूच्या चित्रपटाने पटकावले! रशियाचे अलेक्सांद्र पेत्रोव्ह तर काचेवर तैलरंगात, बहुतेक बोटांनीच रंगवतात. हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'वरचा त्यांचा चित्रपट १९९९ चा. वीस मिनिटांसाठी २९,००० हून अधिक चित्रे, दोन वर्षांचे काम, आणि मदतीला मुलगा. यातली मेख अशी, की पुढचे चित्र काढताना काचेवरचे आधीचे चित्र मोडावे लागते. हजारो चित्रे रंगवूनही भिंतीवर टांगायला त्यातले जवळजवळ काहीच उरत नाही. एवढे मोडायची तयारी असली, की मगच पडद्यावर म्हातारा कोळी वल्हे मारतो.

हे सारे वाचून संध्याकाळी मी मुलीच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "पाय परत बसवायचा का?"

दोन दिवस आमचे घर स्टुडिओ झाले. मोल्सवर्थच्या कोशासह माझे चार जाडजूड कोश दोन बाजूंना रचले, वर पट्टी टाकून मोबाइल खाली तोंड करून बांधला. कोशांचा इतका उपयोग मी आजवर केला नव्हता. पंखा बंद, कारण काड्या उडतात. खिडकीला चादर, कारण ढग आला की उजेड बदलतो. घामाच्या धारा लागल्या.

खरी अडचण शेवटी आली. माणूस पणती पेटवतो तेव्हा त्याचे डोके जळायला हवे, आणि ज्योत काही छायाचित्रासाठी थांबत नाही. मी आणि कन्या डोके धरून बसलो. तेव्हा चकल्या तळता तळता सौ. म्हणाली, "एकच काडी कशाला जाळता? वीस जाळा. पहिली जराशी, दुसरी थोडी जास्त, असे करत शेवटची पूर्ण." आणि मोरीशी उभी राहून तिने स्वतःच वीस काड्या बेताबेताने जाळून विझवल्या आणि ओळीने ताटात मांडल्या. बोटे दोनदा पोळली. एकीमागून एक काडी ठेवत गेलो आणि माणसाचे डोके पडद्यावर हळूहळू काळे पडत गेले. ज्योत मुलीने केशरी कागदाची कापली.

भाऊबिजेला सगळे नातलग जमले असताना भिंतीवर तो चित्रपट दाखवला. पंधरा सेकंद. माणूस चालत आला, वाकला, पणती लागली. चालताना एका ठिकाणी त्याचा डावा पाय किंचित लचकतो. मी उचललेल्या काडीची ती जागा. कन्येने ती मुद्दाम दुरुस्त केली नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि "पुन्हा, पुन्हा" म्हणून सहा वेळा पाहिला.

शेवटी श्रेयनामावली होती. पहिलेच नाव: 'आग - आई'. त्याखाली: 'लंगडेपणा - बाबा'.

ती हातात चकलीचे ताट घेऊन दारात उभी होती. नाव वाचून काही बोलली नाही. पोळलेले बोट तेवढे पदरात लपवले.

आता आमच्या घरात दोन काडेपेट्या असतात. एक देवापुढची, एक चित्रपटाची. आणि वर्गात मी फाळके शिकवतो तेव्हा सुरुवात वाटाण्यापासून करतो, आणि सरस्वतीबाईंचे नाव मोठ्याने घेतो.